मावशींचा कप कुठला?

ठाण्याहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू समाजातल्या. घरात नवरा, सासूबाई, ११ वर्षांची लेक आणि ८ वर्षांचा मुलगा. लेकीला शाळेत मानवी हक्कांवर प्रकल्प होता. बाईंना वाटलं, हे सगळं आपल्या धर्मात आहेच, घरूनच शिकवू. परदेशातल्या नातेवाइकांनी एक तक्ता पाठवला होता: डावीकडे ज्यू मूल्य, उजवीकडे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून झाले की एक ओळ वाचायची, असं ठरलं. तिसऱ्या शुक्रवारची ओळ होती, ‘प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे.’ लेकीनं विचारलं, “मग आपल्या घरकामाच्या मावशींचा कप खिडकीत वेगळा का?” सासूबाई ताटावरून उठल्या, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, “आधी पोरांना नीट हिब्रू वाचायला शिकव, हक्कबिक्क शाळा बघेल.” त्यात मुलाला शाळेच्या व्हॅनमध्ये कुणीतरी म्हणालं, “तुम्ही लोक गाझात मुलांना मारता.” तो रडत घरी आला.

बाई विचारतात: “आमची मूल्यं आणि सगळ्यांचे हक्क, यांची सांगड घालायला मी गेले ते चुकलं का? की मी मुलांना फक्त ‘आपला धर्म किती चांगला’ एवढंच शिकवत होते? तक्ता बंद करू का?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून आधी मला हसू आलं. मग उठून स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा स्टीलचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर पालथा होता. गेली १८ वर्षं तो तिथेच पालथा असतो. मी शाळेत उभी हयात घालवली, त्यात बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि आपल्याच समाजातली आहे. तेव्हा हा सल्ला उंचावरून येत नाहीये, हे आधीच कबूल करते.

तुम्ही लिहिलंय, ‘लेकीनं सगळं विस्कटलं.’ मला तर वाटतं, तुमच्या तीन शुक्रवारांतून काही पोचलं असेल तर ते तेवढंच पोचलं. दुसरं एखादं मूल “हो आई” म्हणून ताटातली कोंबडी संपवून उठलं असतं. पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या रात्री आपल्याकडे गोष्ट कशी सुरू होते, आठवा. घरातलं धाकटं मूल ‘ही रात्र वेगळी का?’ असं विचारत नाही तोवर मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. तालमूद, आपल्या धर्मपंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, तर म्हणतो, मूल नसेल तर बायकोनं विचारावं, आणि माणूस एकटाच असेल तर त्यानं स्वतःला विचारावं. शेकडो वर्षं आपण पोरांना प्रश्न विचारायला बसवत आलो. एकीनं खरंच विचारला, तर लगेच तक्ता बंद करायचा?

पण तक्त्याबद्दल माझीही एक तक्रार आहे. पैज लावते, त्यात शब्बाथच्या, म्हणजे आपल्या शनिवारच्या विश्रांतीच्या समोर २४वं कलम असणार: विश्रांतीचा आणि पगारी सुट्टीचा हक्क. मजुरीसमोर २३वं. जोड्या जुळवल्या की आपल्याला वाटतं दोन्हीकडे एकच गोष्ट लिहिली आहे. तशी ती नाही. जाहीरनामा म्हणतो, कामगाराला मजुरीचा हक्क आहे. तोरा, म्हणजे आपला मूळ धर्मग्रंथ, कामगाराशी बोलतच नाही, ती मालकाशी बोलते. तिच्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शब्द आहेत ते असे, की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत तुझ्यापाशी राहू नये. त्याच अध्यायात शेतकऱ्याला सांगितलंय, बांधाच्या कोपऱ्यापर्यंत कापू नकोस, खाली पडलेलं वेचू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. म्हणजे तुझ्या शेतातला तो कोपरा मुळात तुझा नाहीच. ‘हक्क’ हा शब्द कुठे येत नाही, पण कुणाचं काय देणं लागतं ते शब्दाशब्दाला येतं.

मुलांना शिकवताना हा फरक फार कामाला येतो. आठ वर्षांचा मुलगा जगात कुणालाही २३वं कलम मिळवून देऊ शकत नाही. पण महिन्याच्या १ तारखेला मावशींच्या पगाराचं पाकीट त्यांच्या हातात तो देऊ शकतो. तुम्ही विसरलात तर संध्याकाळी आठवण करू शकतो, ‘आई, आज एक तारीख, सूर्य मावळला.’ हे काम त्याच्याकडे सोपवा. पाकीट दोन्ही हातांनी द्यायचं आणि ‘थँक यू’ आपण म्हणायचं, एवढं सांगितलंत तरी पुरे.

आता शब्बाथचंच घ्या. हे लिहिताना तुम्ही रागवाल अशी थोडी भीती वाटतेय. दहा आज्ञांमधली ती आज्ञा पूर्ण वाचा. विश्रांती कुणाकुणाला? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. कोकणात लोक आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण शनिवारी आपला घाणा बंद. म्हणजे घाण्याचा बैलसुद्धा त्या दिवशी सुटा. आणि आपल्या आजच्या फ्लॅटमध्ये? तुम्हीच लिहिलंय की शुक्रवारी रात्री दीर-जाऊ जेवायला येतात आणि शनिवारी सकाळी तुम्ही निवांत उठता. मग शुक्रवारची ती बारा माणसांची भांडी शनिवारी कोण घासतं? आपल्या विश्रांतीच्या दिवशी मावशींना दुप्पट काम. बैलापेक्षा वाईट झालं हे. मला स्वतःला हे उमगलं तेव्हा मी साठीची होते, म्हणून तुम्हाला बोल लावत नाही.

यावर तोडगा सोपा आहे, थोडा खर्चिक आहे. आठवड्यातून एक दिवस मावशींना पगार न कापता सुट्टी. कुठला दिवस, ते त्यांनी सांगायचं. तुम्ही ‘शनिवार घ्या’ म्हणून टाकू नका. त्यांना कदाचित मंगळवार हवा असेल, त्या दिवशी मुलाच्या शाळेत जायचं असेल किंवा देवीचा वार असेल. मुलांना घेऊन समोर बसून विचारा. त्या दिवसाची भांडी घरातल्यांनी वाटून घासायची, नवऱ्यासकट. २४वं कलम तेव्हा पोरांच्या हाताला लागेल, साबणासकट.

आता कप. आणि सासूबाई.

लेकीच्या देखत सासूबाईंना खजील करू नका. तालमूदमध्ये म्हटलंय, चारचौघांत माणसाचा चेहरा पांढरा पाडणं म्हणजे त्याचं रक्त सांडल्यासारखं. मावशींचा मान राखायला निघालो आणि घरातल्या म्हातारीचा घालवला, तर पोरं तेही बघणारच. सासूबाईंनी तो कप दुष्टपणानं वेगळा ठेवलेला नाही. आपले पूर्वज कोकणात राहिले, तिथे मंगळसूत्र घालायला शिकले, बिरडं करायला शिकले, आणि वेगळी भांडीही शिकले. तेल्याचं तोंड सकाळी बघणं अशुभ मानणाऱ्या गावांत आपण तेली होतो, तरी शिकलो! ज्यांना शेजारी खालचे समजत, तेही आणखी खाली कुणीतरी शोधतात, त्याला आपण तरी अपवाद का असू.

लेकीला एकटीला गाठून एवढंच म्हणा: “तुझा प्रश्न बरोबर होता. चूक आपल्या घराची आहे, एकट्या आजीची नाही, कारण मीही रोज तो कप बघत होते.” मुलांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणणारी आई ही मूल्यशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा वरचढ. (पुस्तकं मीही लावली आहेत शाळेत. माहीत आहे.) मग एका रविवारी बाजारात जाऊन एकसारख्या कपांचा नवा सेट आणा. जुने सगळे काढून टाका, खिडकीतला आणि फडताळातलेही. कुणाचा कुठला, हा प्रश्नच उरणार नाही. भाषणाची गरज नाही. सासूबाई पहिले काही दिवस स्वतःचा कप ओळखायला दोरा बांधतील कदाचित. बांधू द्या.

त्यांच्याशी बोलायची वेळ आलीच, तर त्यांना २६ नोव्हेंबर २००८ ची आठवण करून द्या. त्यांना विसरणं शक्य नाही. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी आणि त्यांची पत्नी मारले गेले, आणि त्यांचं जेमतेम दोन वर्षांचं बाळ जिवंत बाहेर आलं, कारण त्याच्या आयानं त्याला उचललं आणि ती धावली. ती ज्यू नव्हती. घरात कामाला असलेली बाई होती. तुमच्या सासूबाईंच्या पिढीनं तेव्हा तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना केल्या, मी ऐकल्या आहेत. त्या बाईला आपण कुठल्या कपात चहा दिला असता?

हा प्रश्न मुलांसमोर नको, फक्त सासूबाईंना, आणि तोही हळू आवाजात विचारा.

आता तुमची दुसरी शंका, जी मला तुमच्या पत्रातली सगळ्यात प्रामाणिक ओळ वाटली: आपण मुलांना फक्त ‘आपला धर्म किती चांगला’ हेच शिकवतोय का? हो, तो धोका आहे. आणि तो फक्त ज्यूंच्या घरात नाही. घरोघरी ‘सर्वांभूती परमेश्वर’ म्हणणारी माणसं लिफ्टमध्ये डिलिव्हरीवाल्या पोराला जिना दाखवतातच की. परंपरेतलं उत्तम तेवढं वेचून मुलांपुढे मांडलं की ती बाराव्या वर्षापर्यंत ऐकतात आणि तेराव्या वर्षी इंटरनेटवर बाकीचं वाचतात. मग त्यांना वाटतं, आई खोटं बोलली. दहा आज्ञांमध्ये विश्रांती ‘दासाला’ मिळते हे ठीक, पण मुळात दास का आहे, हे तुमची लेक विचारणारच. मी तिच्याजागी असते तर विचारलंच असतं. तेव्हा ‘तो काळ वेगळा होता’ म्हणून सुटका करून घेऊ नका. म्हणा, ‘मलाही ते खटकतं. आपल्या माणसांनी यावर खूप वाद घातलेत. ये, आपणही घालू.’

तिच्यासाठी एक गोष्ट सुचवते, तोरातल्या गणनेच्या पुस्तकातली. सलोफहादच्या पाच मुली: महला, नोआ, होगला, मिल्का, तिर्सा. बाप वारला, भाऊ नाही, जमिनीचं वाटप चालू आहे आणि त्यांना काहीच मिळणार नाही. त्या मोशेसमोर, सगळ्या पुढाऱ्यांसमोर उभ्या राहून विचारतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? मोशेला उत्तर ठाऊक नसतं. तो देवाला विचारतो आणि देव म्हणतो, त्या बरोबर बोलतायत. कायदा बदलतो. ही गोष्ट तिला सांगा, पण नऊ अध्याय पुढचंही सांगा: तिथे अट आली, की त्यांनी आपल्याच वंशात लग्न करायचं, जमीन बाहेर जाता कामा नये. अर्धा विजय. तिला तो अर्धाच कळू द्या. आज मुंबईतल्या आपल्या बहुतेक सिनेगॉगमध्ये मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, बायकांना धरत नाहीत, हे तिला दिसतंच आहे.

धाकट्याला शिफ्रा आणि पुआ आवडतील. मिसरचा राजा फारो यानं हुकूम दिला की इब्री, म्हणजे आपल्या बायकांना मुलगा झाला तर मारा, आणि या दोन सुइणींनी तो मोडला. वर फारोला थाप मारली, की त्या बायका इतक्या दणकट, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात. या सुइणी स्वतः इब्री होत्या की इब्री बायकांच्या मिसरी सुइणी होत्या, यावर भाष्यकारांचं एकमत नाही, हिब्रू शब्दरचना दोन्हीकडे जाते. धाकट्याला विचारा, ‘तुला काय वाटतं, त्या आपल्यातल्या होत्या की त्यांच्यातल्या? फरक पडतो का?’ त्याला एक आठवडा विचार करू द्या.

आपल्या माणसांच्या चुकाही सांगा, घरच्या गोष्टी म्हणून. आपल्यात पूर्वी ‘गोरे’ आणि ‘काळे’ बेने इस्राएल होते. बाहेरच्या बाईशी लग्न झालेल्यांची पोरं काळी, बाकी गोरे, आणि दोघांत रोटी नाही, बेटी नाही. माझी आजी अमक्या घरचं नाव निघालं की आवाज खाली करायची, कारण विचारलं तर ‘तुला काय करायचंय’ म्हणायची. कोचीनमध्ये याहून उघड होतं. तिथल्या परदेशी सिनेगॉगमध्ये, १५६८ सालच्या त्या सुंदर निळ्या फरशांच्या वास्तूत, मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना आत बरोबरीनं बसायची मुभा नव्हती. त्यांच्यातलाच एक वकील, अब्राहम बराक सालेम, १८८२ साली जन्मलेला, सत्याग्रहाच्या वाटेनं त्याविरुद्ध लढला. लोक त्याला ‘ज्यूंचा गांधी’ म्हणत. तोरा वाचणाऱ्यांनीच माणसांना दाराशी बसवलं होतं, आणि त्यांच्याशी भांडणाराही तोच तोरा वाचणारा. मुलांना दोन्ही सांगा.

मग आपल्यावरचा अन्यायही सांगता येईल, आणि तो नुसतं रडगाणं होणार नाही. १९६२ साली इस्रायलच्या धर्मपीठानं सूचना काढली, की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावताना त्याच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपण पुरेसे ज्यू आहोत का, अशी शंका! कोकणात पिढ्यानपिढ्या शनिवार पाळलेल्यांवर! आपले लोक जेरुसलेमला ठिय्या देऊन बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या काळात तिथल्या संसदेनं जाहीर केलं, की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत आणि त्यांच्यात नि इतरांत भेद नाही. धर्मपीठानं मग सूचनेतून समाजाचं नाव वगळलं. तुमच्या नात्यात दिमोना, अश्दोदकडे कुणी वडीलधारं असेल तर व्हिडिओ कॉलवर मुलांना ऐकवा, ‘काका, तेव्हा काय झालं होतं?’ अशी विचारणारी पोरं त्यांना फारशी भेटत नसतील. आणि फोन ठेवल्यावर गोरे-काळेंची गोष्ट पुन्हा काढा. आपल्या पूर्वजांची चौकशी झाली तेव्हा किती लागलं. आपण इतरांची करत होतो तेव्हा?

व्हॅनमधल्या प्रसंगाबद्दल मी मुद्दाम शेवटाकडे लिहितेय, कारण तिथे घाईचं उत्तर चालत नाही.

पहिली गोष्ट व्यवहाराची. आठ वर्षांचा मुलगा कुठल्याही देशाचा राजदूत नाही. कुठल्या सरकारनं, कुठल्या सैन्यानं काय केलं याचा जाब त्याला व्हॅनमध्ये कुणी विचारू नये, जसा त्याच्या मुसलमान वर्गमित्राला दुसऱ्या कुठल्या देशाबद्दल विचारू नये. तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात स्पष्ट आहे: बापाच्या गुन्ह्यासाठी मुलांना मारू नये. इथे तर बापही नाही, हजारो मैलांवरची माणसं. वर्गशिक्षकांना भेटा, शांतपणे सांगा, तक्रारीचा सूर नको. ज्या मुलानं म्हटलं तोही घरी कुणाकडून तरी ऐकूनच आलाय. मुलाला एक सोपं वाक्य हाताशी द्या: “मी ठाण्याचा आहे. कुठलंही मूल मेलं तर मला वाईट वाटतं.” एवढं बोलून विषय संपला नाही तर ड्रायव्हरकाकांना सांगायचं.

पण ते वाक्य त्यानं खरं म्हणायचं असेल, तर घरात ते खरं असायला हवं, आणि इथे तुमचाच तक्ता तुम्हाला धरतो. त्यात ती ओळ असणारच: जो एक जीव वाचवतो, त्यानं जणू सारं जग वाचवलं. ही ओळ मिश्नामधली, म्हणजे तालमूदच्या जुन्या गाभ्यातली, सान्हेद्रिन या भागातली. देहान्ताच्या खटल्यात साक्षीदारांना साक्षीआधी सांगायची ती ताकीद आहे, की बाबा, तुझ्या जिभेवर एक अख्खं जग लटकलंय. आता गंमत बघा. नेहमीच्या छापील प्रतींत तिथे ‘इस्राएलमधला एक जीव’ असं आहे. जुन्या, भरवशाच्या हस्तलिखितांत ‘इस्राएलमधला’ हा शब्द नाही. आणि तिथला युक्तिवादही जुन्या पाठाच्याच बाजूचा आहे: देवानं माणूस एकटाच का घडवला? कुणी कुणाला ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा’ म्हणू नये म्हणून. माणूस एका साच्यातून कितीतरी नाणी पाडतो, सगळी सारखी. देव सगळी माणसं आदामाच्या एका साच्यातून पाडतो आणि एकही दुसऱ्यासारखं निघत नाही. हा आदाम काही ठाण्याच्या किंवा जेरुसलेमच्या ज्यूंपुरता नव्हता.

कुणाच्या तरी हातून मध्येच तो एक शब्द शिरला. भीतीच्या, छळाच्या काळात शिरला असेल, आपली माणसं वाचवायची धडपड असेल. मला ते समजतं. पण तुमच्या घरात कुठला पाठ वाचायचा, हे तुम्हाला ठरवावं लागेल. बातम्या चालू असताना ७ ऑक्टोबर २०२३ ला मारलेल्या आणि ओढून नेलेल्या माणसांसाठी घरात हळहळ होते, आणि गाझातल्या ढिगाऱ्याखालच्या मुलांची बातमी आली की चॅनेल बदलतं, असं होत असेल तर मुलांनी पाठ कुठला घेतला ते सांगायला नको. (उलट्या बाजूनं चॅनेल बदलणारी घरंही मी पाहिली आहेत.) तुमची राजकीय मतं काय असावीत ते मी सांगणार नाही, मला ते विचारलेलंही नाही. पेसाहला अनेक घरांत दहा अरिष्टांची नावं घेताना पेल्यातला एकेक थेंब सांडतात. आपल्याकडे काळ्या मनुकांचं सरबत, तेच सांडा. अरिष्टं कुणावर आली होती? ज्यांनी आपल्याला गुलाम केलं त्यांच्यावर. तरी आपला पेला भरलेला ठेवायचा नाही. धाकट्याला त्या थेंबांचं काम द्या. व्हॅनमधलं वाक्य त्याला मग पाठ करावं लागणार नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही मी मोडीत काढणार नाही. हिब्रू शिकवाच. वर सांगितलेली शिफ्रा-पुआची मौज हिब्रूशिवाय कळत नाही, आणि ‘त्सेदाका’ शब्दाच्या पोटात ‘न्याय’ आहे, हे भाषा येणाऱ्यालाच दिसतं. मराठीत आपण त्याला ‘दान’ म्हणून मोकळे होतो. घरात त्सेदाकाचा डबा असेल तर पैसे कुठे द्यायचे ते पोरांना ठरवू द्या. रम्बामनं, म्हणजे मध्ययुगातल्या मैमोनिदेस या ज्यू पंडितानं, त्सेदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात वरची ही, की समोरच्याला कर्ज द्या, भागीदारी द्या, काम द्या, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. तेवढं ध्यानात ठेवून पोरं ठरवतील. फक्त एक पथ्य: मावशींचा दिवाळी बोनस त्या डब्यातून कधीही द्यायचा नाही. ते देणं आहे.

तक्ता बंद करू नका, फक्त भिंतीवरून काढून कपाटात ठेवा, आणि १० डिसेंबरला बाहेर काढा. १९४८ साली त्याच दिवशी पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या मसुद्यावर राबलेल्यांत रेने कासँ हा फ्रेंच ज्यू कायदेपंडित होता, त्याला १९६८ चं शांततेचं नोबेल मिळालं. हे मुलांना अभिमानानं सांगा. पण सोबत लेबनॉनचे मलिक, चीनचे चांग आणि आपल्या हंसाबेन मेहतासुद्धा सांगा. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते, ते बदलून ‘सर्व माणसं’ करायला लावलं ते हंसाबेननी. म्हणजे ‘मानवी हक्क आम्ही जगाला दिले’ असं तुमच्या पोरांना म्हणता यायचं नाही, आणि कुणालाच म्हणता यायचं नाही. आपली मूळ गावं ज्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात आहेत, त्यातल्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. अलिबागला, नवगावला जाता तसं एकदा मुलांना तिथेही न्या. एका तळ्याच्या पाण्यासाठी एवढं का करावं लागलं, हे लेक विचारेल. तेव्हा खिडकीतल्या कपाची आठवण तुम्ही करून द्यायची गरज नाही.

हे सगळं एका महिन्यात करायचं नाही. मी असते तर पाकीट, सुट्टी आणि कप, एवढ्यावर थांबले असते आणि गोष्टी सणावाराला सांगितल्या असत्या. ज्यू नसलेल्या वाचकांनी गोष्टी आपल्या घरच्या घ्याव्यात, त्यांच्याकडेही भरपूर असतील. पाकीट, सुट्टी आणि कप तेच ठेवावेत.

मी माझ्या खिडकीतला पेला काल आत घेतला. बाईंनी आज सकाळी येऊन तो शोधला, सापडेना म्हणून मला हाक मारली, आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. शेवटी दोन कपांत चहा ओतला आणि म्हटलं, बसा. त्या जरा अवघडून बसल्या, मीही.

तुमच्या मावशींनी कुठला वार मागितला, ते मात्र कळवा.